लोक हसतील

सावली गावचा डोमाजी शिंपी मशीनवर पाय मारता मारता फार्स रचायचा आणि वहीत उतरवायचा. दंडारीत, म्हणजे तिकडच्या रात्रीच्या लोकनाट्यात, त्याचा फार्स असला की पंचक्रोशीतली माणसं बैलबंड्या जुंपून येत. पण हा गडी स्वतः हसलेला कुणी पाहिला नव्हता. हसवणं त्याच्या लेखी कापड बेतण्याइतकं गंभीर काम.

१९५५ साली, धान घरात आल्यावर, कोल्हापूरचा एक सिनेमावाला चित्रीकरणासाठी जंगल पाहायला आला. डोमाजीची कीर्ती ऐकून तो म्हणाला, "तुमच्या फार्सला लोक खरंच हसले, तर आमच्या सिनेमातले विनोदी प्रवेश तुम्ही लिहायचे." त्याला मूल स्टेशनवरून संध्याकाळची गाडी गाठायची होती, म्हणून खेळ भरदुपारी ठरला. सिनेमाचं नाव ऐकून डोमाजीची झोपच उडाली.

नटांपैकी एकालाही वाचता येत नव्हतं. डोमाजी वाचायचा, ते ऐकून पाठ करायचे. नेमका त्याच आठवड्यात त्याचा घसा बसला आणि तापानं तो घरी पडून राहिला. मग तालमीत त्याची बायको वच्छला वही वाचू लागली. चौथी शिकलेली बाई, एक अक्षर गाळायची नाही.

खेळात पाटील झालेला सोमाजी बायकोच्या लाटण्याखाली डोकं धरून ऐटीत म्हणाला, "मले काऊन मारून राह्यली? इथे थांबावे. लोक हसतील."

पडद्याआड डोमाजीनं कपाळावर हात मारला. ती तर वहीत नटासाठी लिहिलेली सूचना होती! मांडव चिडीचूप. सोमाजी सांगितल्याबरहुकूम थांबला होता.

आधी म्हातारी शकुबाई फिस्सकन हसली. मग सगळा मांडव. माणसं पोट धरून एकमेकांवर पडली. सिनेमावाला चष्मा काढून डोळे पुसू लागला. वीस वर्षं डोमाजीनं लोकांना हसवलं होतं, पण असं हसू त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"ही गंमत सुचली कशी?" पाहुण्यानं नंतर विचारलं.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण डोमाजी बसक्या आवाजात म्हणाला, "मले नाई सुचली, साहेब. चूक झाली."

"मग चुकायला कोल्हापूरला या!"

घरी जाताना डोमाजी अजून भारावलेलाच होता. "ते वाचाचं नोहतं वो," तो वच्छलाला म्हणाला. "तुले समजलं नाई?"

"समजलं ना. पण लोक हसतील असं तुमीच लिवलं होतं. तुमचं लिवलेलं मी काऊन गाळू?"