चालू लूम

लोक त्यांना तुळशीराम फिटर म्हणायचे. मी काही म्हणत नसे. नवऱ्याचं नाव घेतात होय? टेमघरला गुलाम हुसेन शेटच्या कारखान्यात ते कापडाचे लूम दुरुस्त करायचे. पगारासोबत घरी पिशवीभर भंगार यायचं: फुटके धोटे, दात गेलेली चाकं, रिकाम्या कांड्या. सुट्टीला ते एकाला एक जोडत बसायचे, वर कुठल्या डब्यात उरलासुरला रंग असेल तो फासायचे. मी विचारायची, हा घोडा हाय की झाड? म्हणायचे, कशासारखं न्हाय, हाय तसं हाय. कप्पाळ माझं! एक वीत कापड तरी विणतं का, म्हणून मी टोचायची. पुढं ते धूड घरात मावेना, तेव्हा शेटनं कारखान्याच्या कोपऱ्यात ठेवू दिलं.

नव्वद सालानंतर मंदी आली. लूम एकेक करून बंद पडले, आणि शेटनं सगळे लूम भंगारात द्यायचं ठरवलं. त्या खंडेनवमीला शेवटची पूजा झाली. शेट मुसलमान, पण पूजेचा नारळ दरसाल त्यांच्याकडूनच यायचा. मी रांगेनं लूमना हळदकुंकू लावत, झेंडू वाहत गेले, आणि हाताच्या ओघात कोपऱ्यातल्या धुडालाही लावलं. ह्यांनी ते पाहिलं.

दसरा झाला नि भंगारवाल्याचा ट्रक आला. लूम चढवून झाल्यावर भंगारवाला कोपऱ्यात आला. म्हणाला, इसपे भी कुंकू है, ये भी लूम है, चढाओ. माझंच कुंकू नडलं.

हे बाजूला सरले. इतक्या जणांची रोजी गेलेली, त्यात आपलं काय मागायचं, असं त्यांना झालं असणार. पण तोंड असं उतरलं होतं की घरातलं माणूसच नेतायत. हे धूड गेलं तर ह्यांच्यात काही उरायचं न्हाय, हे मला तेव्हा कळलं. जीव तुटला माझा. धूड उचलायला आलेल्या त्याच्या माणसांना मी आडवी गेले.

"सौदा बंद लूमचा झालाय. हा चालू हाय."

भंगारवाला हसला. "चालू? फिर मोटर किधर है?"

मी ह्यांच्याकडं बोट केलं. "ती काय, उभी हाय."

बाजूला उभ्या शेटनं हातानंच माणसांना मागं केलं. हे मात्र भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. इतक्या लोकांत रडायची लाज वाटली असेल.