तुंबलेल्या नळीचा वळू

दवाखान्याच्या खोड्यात अडकवलेला वळू अजून डुरकत होता, खुरानं माती उकरत होता. मी हात लावून पाहिलं. एक वृषण फुगून टणक, दुसरं आक्रसून मऊ पडलेलं. बीज बाहेर नेणारी नळी दोन्हीकडे तुंबली होती. वाट बंद झाली की आतलं साचतं, दाब धरतं आणि जिथं तयार होतं तीच जागा झिजवतं. रुबाब तेवढा तसाच राहतो.

वळूचे मालक आबा हे माझ्या ताईचे सासरे. मूल होईना म्हणून त्यांनी ताईला वांझ ठरवून माहेरी धाडलं, आपल्या मुलाची तपासणी मात्र कधी केली नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, पण तेव्हा गप्प बसले. तो राग आत तुंबून मलाच झिजवत होता.

“डॉक्टरीणबाई, गाई गाभण ऱ्हाईनात, पण गाईंतच खोट असंल,” आबा म्हणाले.

भोवती आख्खं गाव उभं होतं. मी आवाज चढवला. “गाई चांगल्या आहेत, आबा. खोट वळूत आहे. नुसतं डुरकून वासरं होत नाहीत. आता दाजींनाही एकदा तपासून आणा.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. आबांनी मान खाली घालून कासरा सोडवायला घेतला. गाठ काही लवकर सुटेना. मीही हात धुवायला मुद्दाम वेळ लावला.