गुंड्याच्या टाकीवरची काच

हसा, पण आधी तोंडातला चहा गिळा. मागल्या वेळी हे ऐकताना एकाला ठसका लागला आणि त्याच्या पाठीवर थापा मारायला मलाच उठाय लागलं!

तर आमची स्नेहल जर्मनीला शिकायला गेली आणि जाताना गुंड्याला माझ्या गळ्यात बांधून गेली. गुंड्या म्हंजे तिचा इग्वाना. हिरवागार, शेपटी धरून तीन फूट. शेजारीपाजारी त्याला घोरपड म्हणत्यात. घोरपड न्हाय हो! घोरपड पाळली तर आत टाकतील मला! ह्याची समदी कागदपत्रं हाईत, माझ्यापेक्षा जास्त.

पोरीनं दहादा बजावलं. "पप्पा, ह्याला उन्हातलं युव्हीबी लागतं, न्हायतर हाडं मऊ पडत्यात. त्याच्या युव्हीबी दिव्याची जुनी ट्यूब संपत आलीया, नवी घ्या. जांभळा उजेड बघून भुलू नका, युव्हीबी डोळ्याला दिसत न्हाय. आणि पेटत असली तरी वर्षानं बदला."

दुकानदार स्वस्तातलं बल्ब दाखवाय लागला. मी म्हटलं, "पावणं, पोरीचा जीव हाय ह्यात. खात्रीचं दाखवा." आठ दिवस थांबून मागवून घेतली. ट्यूब एक नंबर! तिथं माझी काय बी चूक न्हाय, एवढं ध्यानात ठेवा.

चूक पुढं झाली. गुंड्या ऱ्हातो त्या टाकीवर पोरीनं तारेची जाळी टाकलेली. आता मी तीस वर्षं काचेचं दुकान चालवलेला माणूस. कागलच्या एमआयडीसीत सायबांच्या केबिनला काचा बसवल्यात मी! आणि माझ्याच घरात गंजकी जाळी? काढली. पाच एमएमची काच कापली, कडा घासल्या, हवेला फट ठेवून झाकण बसवलं आणि वर दिवा. काय झळाळी मारत होती! नाद खुळा!

दोन महिन्यांत गुंड्यानं जेवण सोडलं. शेवग्याचा पाला पुढं केला तरी मान वर करंना. पाय थरथराय लागले.

बायको म्हणाली, "अवो, त्या दिव्याचं कायतरी बघा."

"दिव्याला काय धाड भरलीया? त्याला पोरीची आठवण येतीया. तुला न्हाय कळायचं."

मला बरं लगेच कळलं! घास जात न्हाय, कशात लक्ष न्हाय, एका जागी बसून ऱ्हायचं... आठवण न्हाय तर दुसरं काय? मी तिची जुनी ओढणी टाकीत ठेवली. फोनवर तिचा आवाज लावला. गुंड्यानं ढुंकून बघितलं न्हाय. डोळं माझंच भरून आलं.

मग पोरीला कळवलं, "तुझ्याबिगर झुरतोय गं बिचारा." तवर तिचा फोन रविवारचा, तो बी घाईतला. आता रोज संध्याकाळी पाचला याय लागला, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. मी फोन टाकीपुढं धरायचा. ती म्हणायची, "गुंडू, खा रे बाळा." आणि मी मागं उभा राहून ऐकायचो. खरं सांगू? गुंड्या आजारी पडल्याचं जेवढं वाईट वाटाय पायजे हुतं, तेवढं वाटत न्हवतं.

पण पोरगी हुशार. चार दिवसांत तिनं तिच्या ओळखीचा जनावरांचा डॉक्टर घरी धाडला. पोरगेलासाच हुता, खिशात छोटं मीटर.

"काका, ही काच कुणी बसवली?"

मी छाती फुगवली. "मी! सफाई बघितली न्हवं?"

त्यानं मीटर काचेवर धरलं, आकडा आला. काचेखाली धरलं. शून्य!

"काका, काचेतनं उजेड जातो, युव्हीबी जात नाही. दोन महिने ह्याला काहीच मिळालेलं नाही."

"म्हंजे त्याला आठवण..."

"अहो, इग्वाना आहे तो! त्याला कसली आठवण? हाडं दुखतायत त्याची!"

तीस वर्षं काच इकली, आणि तिच्यातनं काय अडतंय हे मला आता कळलं! बायको माझ्याकडं अशी बघत हुती की वाटलं, टाकीतच जाऊन बसावं.

जाळी परत बसली, औषध सुरू झालं. महिन्याभरात गुंड्या पाला हादडाय लागला. आनंद व्हाय पायजे का न्हाय? मला मात्र येगळाच घोर. ह्यो बरा झाला तर पाचच्या फोनचं काय? परत रविवार?

मग काय, खोटं बोललो! "अजून तसाच हाय गं," म्हणायचं आणि कॅमेरा नुसता शेपटीवर धरायचा. पंधरा दिवस खपलं. एक दिवस मी म्हणतोय, "बघ, हलत बी न्हाय," तवर हा गडी गर्रकन वळला. तोंडात अख्खं लाल जास्वंद, कचाकचा चावत, थेट कॅमेऱ्यात!

पोरीनं समदं बघितलं. मग स्नेहल हळूच म्हणाली, "पप्पा, आठवण नक्की कुणाला येतीया?"

मी कॅमेरा परत शेपटीवर नेला. खोटं तरी किती बोलायचं? आतनं बायकोच ओरडली, "अगं, ह्यास्नी! आणि कुणाला?"

"मग तसं सांगायचं की! रोज करते फोन. पण कॅमेरा तुमच्याकडं फिरवा पप्पा, शेपटी बघून कंटाळा आलाय मला."

परवा डॉक्टर परत आला. गुंड्याला उलटा-पालटा करून बघितला, म्हणाला, "ठणठणीत!" मग त्याची नजर माझ्याकडं गेली. मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाईल हातात धरून गप बसलेलो.

"काकू, काकांना काय झालंय?"

"काय न्हाय हो," बायको म्हणाली. "पाच वाजायचं हाईत अजून."