फ्लोरिनमामीचा अनंत

आमच्या उत्तनमध्ये माझ्या आईच्या जिभेला सगळे टरकून असत. भरती-ओहोटीसुद्धा तिला विचारून होते, असं माझे वडील म्हणायचे. त्या जिभेचा सगळ्यात जास्त मार बसला तो फ्लोरिनमामीला, म्हणजे आईच्या भावाच्या, लिओनार्डमामाच्या बायकोला. मामीची दोन बाळं पाळण्यातच गेली. त्यावर आई चारचौघींत बोलून गेली, "तिच्या हाताला काय जगत न्हाय."

झालं! तेव्हापासून वांग्याचं रोप लावायलाही मामीला कोणी हाक मारीना. आमच्याकडे नवरीच्या अंबाड्यात फूल माळायचा मान लेकुरवाळीचा, त्यामुळे लग्नात मामी कायम मागे, भिंतीला टेकून उभी.

मामा बोटीवर खलाशी होता. सदतीस साली तो मॉरिशसहून लोण्याच्या डब्यात अनंताची तीन रोपं घेऊन आला. "फूल बशीएवढं होतं बघ," एवढं सांगून तो पुढच्या बोटीने गेलासुद्धा.

मामीने मनाशी ठरवलं, ही जगवायचीच. सल्ल्यांना काय तोटा! बेटावरचं झाड म्हणजे त्याला समुद्र मानवणारच, यावर अख्ख्या गावाचं एकमत. म्हणून रोपं लागली अंगणात, समुद्राकडे तोंड करून. आमच्या माडांना मासळी धुतलेलं पाणी घालतात, तेच त्यांनाही घातलं. पानं पिवळी पडली, कडा करपल्या, आणि बघता बघता दोन रोपं वाळून गेली. "मी काय बोललेली?" आई कुंपणावरून म्हणाली. मला तिचा तेव्हा संताप आला आणि अजूनही येतो.

तिसऱ्याची नुसती काडी उरली होती. मामीने ती उपटून फुटक्या मडक्यात खोचली आणि मडकं घरामागे पागोळीखाली ठेवून दिलं. डोळ्यांसमोर तरी मरायला नको. पावसाळाभर कौलांचं पाणी त्यात गळत राहिलं. होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या तेव्हा मामी लाकडं काढायला मागे गेली, तर काडीला हिरवा कोंब!

मामी तिथेच फतकल मारून बसली. "तुला खारं नको होतं व्हय गो!" म्हणत ती हसली आणि रडलीही.

मग तिने अनंताचं सगळं मनावर घेतलं. जागा घरामागचीच, सकाळचं कोवळं ऊन लागेल आणि खारा वारा घर अडवेल अशी. तीही भिंतीपासून लांब, कारण भिंतीला शिंपल्यांचा चुना, आणि चुन्याजवळ पानं पुन्हा पिवळी पडतात हे तिने पाहिलं होतं. खड्ड्यात टेकडीची तांबडी माती, आंब्याखालचा कुजका पाला, जुनं शेणखत. मासळीचं पाणी बंद. पावसाचं पाणी रांजणात साठवायचं, ते संपलं की लांबच्या गोड्या विहिरीवरून हंडा आणायचा. ओल टिकावी म्हणून बुंध्याशी पेंढा. कळ्या धरल्या की तहान लागू द्यायची नाही, नाहीतर कळ्या गळतात. फुलं सरली की शेंडे खुडायचे.

एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात झाड फुललं. त्या वासाने चर्चला निघालेली माणसंही वाट वाकडी करून मामीच्या घरामागे यायला लागली.

पुढच्या वर्षी, मे महिन्यात, माझं लग्न ठरलं. आई टोपली घेऊन मामीकडे गेली, मी तिच्या मागे.

"फ्लोरिन, पोरीच्या अंबाड्याला फुलं दे."

मामीने डोक्यावरचा हंडा उतरवला. "टोपलीत न्हाय देणार, बाय. माझ्या हातानं माळीन."

माझ्या आईने टोपली मागे घेतली! असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "ये. सकाळी लवकर ये."

मामी आली ती नवं लुगडं नेसून, ताठ मानेने. सगळ्या बायकांच्या देखत तिने माझ्या अंबाड्यात अनंत माळला. तिच्या नखांत अजून तांबडी माती होती. मला इतका अभिमान वाटला की मी नवरी आहे हेही विसरले.

त्या पावसाळ्यात मामीने झाडाची खालची फांदी वाकवली, जराशी साल खरवडून ती मातीत दाबली आणि वर दगड ठेवला. मुळं धरल्यावर फांदी कापून पहिलं रोप तिने आईला दिलं. आईने ते हातात घेतलं आणि लगेच परत मामीच्या हातात ठेवलं.

"तूच लाव, फ्लोरिन," आई म्हणाली. "तुझ्या हाताला जगतं."