दाढीची शिकवणी

आमच्या घरात माझ्या दाढीला ‘अभिषेक’ म्हणतात. हे नाव बायकोने ठेवलं, आणि ठेवताना तिच्या मनात भक्तिभाव अजिबात नव्हता. सकाळी मी बाथरूममध्ये शिरलो की ती चहाचं आधण ठेवत नाही. “साहेबांचा अभिषेक सुरू झालाय, अजून बराच वेळ आहे,” असं कामवाल्या बाईंना सांगून दोघी खुशाल गप्पा मारत बसतात. मला त्याचा राग येत नाही. माणसाने कशात तरी रमावं. जयपुरात आमच्या जवाहर नगरात कोणी गच्चीवर गुलाब लावतं, कोणी कबुतरं पाळतं. मी दाढी करतो.

आता दाढी काय सगळेच करतात. पण मी ती जुन्या पद्धतीने करतो, म्हणजे नळीतलं क्रीम नाही, फवाऱ्याचा फेस नाही आणि पाच पात्यांचं ते प्लॅस्टिकचं खेळणंही नाही. वाटीत साबणाची वडी, भिजवून ठेवलेला ब्रश, एकाच पात्याचा जड रेझर आणि शेवटी तुरटीचा खडा, एवढं माझं सामान. ब्रश डुकराच्या केसांचा आहे. हे एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, तेव्हापासून त्याला घरात स्वतंत्र फळी मिळाली आहे. देवघराच्या दिशेने त्याची पाठसुद्धा येता कामा नये.

हा नाद मला लागला तो इथल्याच बनी पार्क वस्तीत. मी विमा कंपनीत होतो. सांगलीहून इथे बदली झाली तेव्हा मुलगा लहान होता, म्हणून बायको त्याला घेऊन काही महिने मागेच राहिली आणि मी एका गेस्ट हाऊसमध्ये एकटा पडलो. ऑफिस शहराच्या झालाना भागात, ते उशिरा उघडायचं, आणि सकाळ खायला उठायची. गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात एक मोठा आरसा होता, समोर कडुनिंब. जुन्या सामानाच्या बाजारात एक पितळी दांड्याचा रेझर मिळाला, तो घासून लख्ख केला आणि त्या आरशासमोर उभा राहायला लागलो. घरची आठवण त्या वेळात जरा कमी यायची. पुढे ती दोघं आली, आम्ही इथेच घर केलं, इथूनच मी निवृत्त झालो, पण त्या सकाळची सवय काही सुटली नाही.

मनात एक इच्छा मात्र होती, ती बोलून दाखवण्याची सोय नव्हती. हे मुलाला शिकवावं, अशी. आमचं दोघांचं भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. तो इथल्या शाळेत शिकला, हिंदीत वाढला. आईशी त्याचं मराठी चालतं, माझ्याशी बोलताना अर्ध्यात अडतं आणि मग ‘मतलब’ म्हणून थांबतं. त्याच्या मोबाइलमधलं मला काही कळत नाही, माझ्या विम्यातलं त्याला काही नको होतं. द्यावं असं माझ्याकडे हे एकच होतं, आणि पोराने कॉलेजात छातीपर्यंत दाढी वाढवलेली. मी हात टेकले.

मग त्याला हॉटेलात नोकरी लागली. जयपुरात हॉटेलांना तोटा नाही, आणि हे बऱ्यापैकी मोठं होतं. काम रिसेप्शनवर उभं राहण्याचं. पहिले काही महिने उमेदवारीचे, मग कायम. नियम असा की पुरुषांची दाढी रोज गुळगुळीत पाहिजे. आमच्या चिरंजीवांनी एका दुपारी ती सगळी दाढी उतरवली आणि आईला तिचा मुलगा परत मिळाल्यासारखं झालं. तिने चक्क दृष्ट काढली.

पण पंधरवड्यातच त्याच्या मानेवर पुटकुळ्या उठल्या. केस आतल्या आत वळायचे, लाल गाठी यायच्या, त्यावर तो पुन्हा ते पाच पात्यांचं यंत्र ओढायचा आणि कॉलरला रक्त लागायचं. मलमं झाली, डॉक्टर झाले. डॉक्टर म्हणाले, दाढी वाढवा. हॉटेल म्हणालं, दाढी काढा. शेवटी त्याच्या मॅनेजर मॅडमनी त्याला रिसेप्शनवरून उचलून आतल्या खोलीत बुकिंगच्या कामाला बसवलं. मॅडम वाईट नव्हत्या. महिनाअखेरीस ठरवू म्हणाल्या, पण असा चेहरा घेऊन पाहुण्यांसमोर उभं करता येणार नाही.

त्या दिवशी तो घरी आला आणि न जेवता खोलीत गेला. त्याला लोकांसमोर उभं राहायला मनापासून आवडायचं, हे मला तेव्हा नीट समजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

“बाबा, ते तुमचं... मतलब, ते एक ब्लेडवालं. त्याने कमी होतं का हे?”

मी पेपर खाली ठेवला. आतून मी इतका खूश झालो होतो की मला स्वतःचीच लाज वाटली. पोराची मान सोलून निघाली होती आणि बापाला उकळ्या फुटत होत्या. मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो, “बघूया.”

पहिली शिकवणी त्याच दुपारी झाली आणि तिचा पार बोऱ्या वाजला. मी भाषण चांगलं केलं. ब्रश किती भिजवायचा, साबणावर कसा फिरवायचा, फेस दह्यासारखा दाट कसा झाला पाहिजे. दिवस मे महिन्याचे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी असं तापतं की नळाखाली हात धरवत नाही, म्हणून त्याने बाथरूमच्या कोपऱ्यातल्या निळ्या बादलीतलं गार पाणी मगात घेतलं. मीही काही बोललो नाही. आणि फेस येईना. त्याने घोटला, मी घोटला, ब्रश बादलीतच बुडवून पुन्हा त्याने घोटला. वाटीत नुसतं पांढरट पाणी आणि वर चार बुडबुडे. ते गालाला लावेपर्यंत विरून जायचं.

“मनगटातून फिरव.”

“तेच करतोय ना!”

“तेच करत असतास तर आला असता फेस.”

त्याने ब्रश वाटीत ठेवला. “रहने दो बाबा. माझ्याकडून नाही होणार,” असं म्हणून तो निघून गेला. मी त्या ब्रशकडे बघत राहिलो. इतकी वर्षं एकदाही दगा न दिलेल्या साबणाने नेमका आजच नाक कापावं, याचा मला भयंकर संताप आला होता.

संध्याकाळी बायको फरशी पुसायला बादली घ्यायला गेली आणि तिथूनच ओरडली, “अहो, यात साबण कोणी कालवला?” मग उलगडा झाला. पाणी शुद्ध करायचं यंत्र जेवढं गोड पाणी देतं, त्याच्या दुप्पट खारं पाणी बाहेर टाकतं. वाळवंटाच्या दाराशी राहून पाणी वाया घालवायचं तिच्या जिवावर येतं, म्हणून ती नळी निळ्या बादलीत सोडते आणि त्या पाण्याने फरशी पुसते. सगळ्या गल्लीतला खारटपणा त्या बादलीत गोळा झालेला असतो. त्यात साबणाचा फेस काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

बायको हसून हसून भिंतीला टेकली. मुलगा खोलीतून बाहेर आला, त्याला तिने सगळं सांगितलं, आणि तोही हसायला लागला. मग मीही हसलो. त्याला दुसऱ्यांदा यायला मला सांगावं लागलं नाही. सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा तो टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा होता.

फेस पहिल्याच घोटण्यात आला. तो ब्रश गालावर फिरवताना पोराचे डोळे मिटले, तेव्हाच मी ओळखलं की याला हे लागणार. मग आमचं रोज सुरू झालं. आरसा एक, माणसं दोन, आणि मी मागून सूचना देणारा. त्या अर्ध्या तासात तो मला हॉटेलातल्या गोष्टी सांगायचा. कुठला पाहुणा उंटावर बसायला घाबरला, कोणी खोलीत मोर शिरल्याची तक्रार केली. मराठी अडलं की हिंदीत, हिंदीने भागलं नाही की हातवारे करून, आणि तोंडाला फेस असल्यामुळे दोन्ही नीट कळायचं नाही. मी मात्र एक शब्द सोडत नव्हतो.

मधे शनिवार आला. शनिवारी आमच्याकडे दाढी करत नाहीत, हा बायकोचा कायदा. माझ्या सगळ्या नोकरीत त्याला एकदाही सूट मिळाली नव्हती. साहेब तपासणीला येणार असले तरी शनिवारी मी खुंटं घेऊनच जायचो. आता ती म्हणाली, “त्याचं नोकरीचं आहे, देवाला कळतं ते.” मी आशेने माझ्या ब्रशकडे हात नेला. “तुम्ही रिटायर आहात,” ती म्हणाली, “तुम्हाला कसली घाई?”

उजवी बाजू आठवड्याभरात साफ झाली. गाल स्वच्छ झाले. पण मानेची डावी बाजू काही ऐकेना. तिथे अजूनही लाल व्हायचं, गाठी यायच्या. मी माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. पातं बदललं, साबण बदलला, तुरटी जास्त फिरवून पाहिली. “वरून खाली, केसांच्या दिशेने,” हे मी इतक्यांदा म्हणालो की झोपेतही म्हणत असेन. महिना सरत आला होता. त्याच्या गोष्टी आखूड व्हायला लागल्या, आणि मला मनातून भीती वाटायला लागली. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण त्याने माझ्यावर एकदाच विश्वास टाकला होता आणि तो फुकट जात होता.

मग त्याची आठवड्याची सुट्टी आली. त्या दिवशी त्याने दाढी केली नाही. संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो, तो आकाशाकडे तोंड करून, मानेवर हात फिरवत. एकदम उठून बसला.

“बाबा, इथे हात लावा. खालून वर नेला की मऊ लागतंय. वरून खाली आलं की टोचतंय.”

मी हात लावला. खरंच होतं. मांजराला उलटं कुरवाळावं तसं. बोटाने चाचपडत गेलो तर जबड्याखाली केसांचा एक भोवराच होता, आणि त्याच्या खालचे सगळे केस वरच्या दिशेने उगवलेले. म्हणजे मी वरून खाली, वरून खाली म्हणत त्याच्याकडून रोज उलटी दाढी करवून घेत होतो.

“मतलब उद्या इथे खालून वर,” तो म्हणाला. मला विचारलं नाही, सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून तो भोवऱ्याभोवती त्याच्या त्याच्या पद्धतीने रेझर फिरवायला लागला. मी मागे उभा राहून गप्प बसायचा प्रयत्न केला, तो बराचसा जमला. गाठी बसत गेल्या. महिनाअखेरीस मॅडमनी त्याला एक दिवस रिसेप्शनवर उभं करून पाहिलं, मग दुसरा दिवस, आणि तिथून हलवलंच नाही. त्याने फोन करून आधी आईला सांगितलं. मग म्हणाला, “बाबांना दे.” मी फोन घेतला. “बरं झालं,” मी म्हणालो. “हां बाबा,” तो म्हणाला.

पुढच्या रविवारी तो दुपारच्या पाळीला जाणार होता. त्याची दाढी झाली होती, माझी चालली होती. तो दाराला टेकून चहा पीत बघत होता. मी नेहमीप्रमाणे मान उंचावली आणि डाव्या बाजूला वरून खाली पातं ओढलं.

“बाबा, थांबा.”

त्याने कप खिडकीत ठेवला, पुढे आला आणि माझ्या जबड्याखालचा फेस बोटाने बाजूला केला. मग बोट वर नेलं, खाली आणलं. पुन्हा वर.

“तुमचाही भोवरा इथेच आहे. सेम टू सेम.”

माझ्या मानेला डावीकडे आयुष्यभर झोंबत आलंय. मी समजत होतो तुरटी झोंबतेच, तिचं कामच ते. दाढीचा एवढा मोठा जाणकार, आणि आरशात रोज बघूनही मला ते दिसलं नव्हतं. पण त्या क्षणी मला ते काही वाटत नव्हतं. मला फक्त कळत होतं की त्याचा हात माझ्या गळ्यावर आहे. लहान असताना तो मांडीवर बसून माझे गाल ओढायचा, त्यानंतर त्याने माझ्या चेहऱ्याला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. माझे डोळे भरून वाहिले आणि पाणी फेसात मुरलं. फेस होता म्हणून बरं, नाहीतर त्याला दिसलं असतं.

त्याने माझी हनुवटी दोन बोटांनी वर धरली. “आता खालून वर. हळू. जोर नका लावू.”

मी तसं केलं. पातं असं सरकलं की काही कळलंच नाही. तुरटी फिरवली, ती गार लागली, बस्स.

“रोज असंच करायचं,” तो म्हणाला, कप उचलला आणि उरलेला चहा प्यायला.

मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तसंच केलं.