मैत्रिणीचे चांदीचे कण

अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये माझी मैत्रीण चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवायची आणि ते विषारी आहेत का हे मी तपासायची. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, आई मासळी विकणारी. मासळीच्या पेट्यांना आतून या कणांचा लेप द्यायचा, म्हणजे माल जास्त टिकेल, यावर तिची तीन वर्षं गेली होती. लेप फवारताना कण नाकातून आत जाणारच, म्हणून मी ते फुप्फुसाच्या पेशींवर टाकायचे आणि कोणते जीन चेकाळले, कोणते गप्प बसले ते मोजायचे. पेशी मरायच्या कितीतरी आधी जीन बोंब मारतात, हे मला या कामातलं सगळ्यात आवडतं.

निकाल आला तो स्क्रीनभर लाल. शेकडो जीन वाढलेले, म्हणजे चेकाळलेले. खोटं कशाला बोलू, एवढा ठळक निकाल बघून मला आनंदच झाला. तिचा चेहरा मात्र उतरला. "वाट लागली ना गं माझी," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस माझ्याबरोबर डबा खायला आली नाही.

तिसऱ्या दिवशी लॅबच्या प्रमुख सरांनी मला एकटीला बोलावलं. "यातले बरेच जीन थंडीत वाढणारे आहेत. कण टाकलेल्या पेशी बाहेर राहिल्या होत्या का?"

मी कपाळावर हात मारला. त्या पेशी तपासायला काढल्या तो मैत्रिणीच्या वाढदिवसाचा दिवस होता. आमच्याकडे केक कापायला हाक आली की हातातलं काम टाकून जायचं, नाहीतर भाव खाते म्हणतात. पेशींची प्लेट टेबलावर ठेवून मी गेले ती केक, समोसे, फोटो उरकून दोन तासांनी परतले. एसी अठरावर. तुलनेसाठीच्या, कण न टाकलेल्या पेशी मात्र मी दुसऱ्या दिवशी उबेच्या कपाटातून काढून थेट तपासायला घेतल्या होत्या.

सगळं पुन्हा केलं, दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच दिवशी, दाराला आतून कडी लावून. या वेळी कमी मात्रेला जीन ढिम्म, जास्त मात्रेला थोडे वाढलेले. लेप पातळ ठेवला तर काम पुढे जाणार होतं. ती तिथल्या तिथे नाचलीच. मग माझा हात धरून म्हणाली, "यार, तुला शंका आली म्हणून वाचले मी."

हो म्हणून टाकणं फार सोपं होतं. शंका सरांना आली होती. मी तर तोवर त्या लाल निकालाचं परिषदेसाठी पोस्टर करून ठेवलं होतं, वर ठळक अक्षरांत 'विषारी' लिहून. मी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला आणि ते उघडून दाखवलं.