गौरीच्या आधी गेलेला गणपती

माझ्या धाकट्या भावाला दोन शिक्षा झाल्या. पार्किंगच्या भांडणात त्याने लोखंडी पान्याने एकाचा हात मोडला आणि सोडवायला आलेल्या दुसऱ्याचं डोकं फोडलं. त्याआधी त्याच्या नावावर साधी सिग्नल तोडल्याची पावतीही नव्हती. एकाच संध्याकाळचं भांडण, म्हणजे दोन्ही शिक्षा एकत्रच सरणार, असं आम्ही धरून चाललो होतो. निकालात तसं लिहिलेलं नव्हतं. आणि लिहिलेलं नसलं की पहिली संपल्यावर दुसरी सुरू होते, हे वकिलांनी आम्हाला कोर्टाच्या जिन्यात सांगितलं. मला वकिलांचा राग आला, न्यायाधीशांचा आला आणि सगळ्यात जास्त भावाचा आला. तो अजूनही येतो.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी चिरता चिरता उठते, दाराशी जाते, परत येते. अपील पडून आहे. तोवर आशा एवढीच की वागणूक चांगली असली तर माफीचे दिवस मिळतात. शिवाय फर्लो नावाची रजा मिळते आणि वेळेत परतलं तर ती रजा शिक्षेतच धरतात. उशीर केला की माफी कापली जाते आणि पुढची रजा लटकते. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत आता लोक मलाच कायदा विचारतात.

यंदा रजा नेमकी गणपतीत मिळाली. जामीनदार मीच. आई हरखून गेली. आमच्या मालवणी घरात ज्याने गणपती आणला त्यानेच तो पोचवायचा, दुसऱ्याने पाटाला हात लावायचा नाही. आणि पोचवायचा तो गौरीबरोबर, संध्याकाळी. आईने मूर्ती हौसेने भावाकडूनच आणवली. मूर्ती मखरात बसल्यावर आमच्या ध्यानात आलं की रजा संपते ती गौरी-विसर्जनाच्याच दिवशी. त्या दिवशी दुपारपर्यंत त्याला घाटापलीकडच्या तुरुंगाच्या दारात हजर व्हायचं होतं.

मग घरात आरती कमी आणि वाद जास्त. आईचं म्हणणं, देवासाठी एक दिवस उशीर झाला तर देव सांभाळून घेईल. मी म्हटलं, देव घेईल, जेलर घेणार नाही. भाऊ मोदक खात म्हणाला, “एका दिवसाने काय वाट लागणार आहे, ताई?” मोदकाचं ताट उचलून त्याच्या अंगावर टाकावंसं वाटलं. एका मिनिटाच्या डोकेफोडीने सगळ्यांची वाट लावून बसला होता, आणि वर मलाच विचारत होता.

गौर आली, पूजा झाली, तरी आई कुणाशी बोलेना. आमच्याकडे गौर म्हणजे गणपतीची आवस, आई; झिलाला, लेकाला घेऊनच ती परत जाते. विसर्जनाच्या दिवशी उजाडायच्या आधी आईने भावाला हलवून उठवलं.

“गणपती आताच पोचव,” ती म्हणाली. “गौर मागसून जायत.”

हे आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसावं. पालिकेच्या कृत्रिम तलावाशी दोन पेंगुळलेले स्वयंसेवक होते. ढोल नाही, गुलाल नाही. भावाने मूर्ती पाण्यात सोडली आणि तसाच ओल्या पँटने माझ्यासोबत बसमध्ये चढला. घाटात बस खोळंबली तेव्हा मी उठून दोनदा ड्रायव्हरपाशी गेले. त्याने मला चक्क हाकललं. तुरुंगाच्या दारातून आत जाताना भावाने माझा हात घट्ट धरला आणि मला रडू फुटलं.

परत आले तेव्हा दिवेलागण उलटून गेली होती. चाळीतल्या सगळ्या गौरी गेल्या होत्या. आमची तशीच होती आणि आई तिच्यासमोर बसली होती. शेजारणी बोलवून थकल्या, पण ती हलली नव्हती म्हणे.

“पोचलो तो?” तिने विचारलं.

“वेळेत पोचला.”

मी जरा चिडूनच विचारलं की गौर अजून इथे कशी.

“आवस आसा ती,” आई उठत म्हणाली. “झील पोचल्याबिगर कशी जायत?”

मग आम्ही दोघींनी गौर उचलली.